प्रबंध तपासून द्यायचा की लिहून द्यायचा?

प्रश्न: मी घरून मुद्रितशोधनाची कामं करते, दिवाळी अंक, पुस्तकं वगैरे. आता एका बाईंचा मराठीतला पीएचडीचा प्रबंध आलाय, साडेतीनशे पानं. त्या म्हणतात, शेवटचं प्रकरण विस्कळीत झालंय, निष्कर्ष तुम्हीच नीट मांडून द्या, वेगळे पैसे देते. घेऊ का काम?
– एक वाचक, सांगली

उत्तर: शुद्धलेखनाचं घ्या, निष्कर्षाचं नको. अहो, बाईंनी स्वतः काय शोधलं ते त्या प्रकरणातच तर दिसतं, तेच तुम्ही लिहिलंत तर डिग्री कोणाची? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे प्रबंध मीच तयार केलाय असं विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं. उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे सापडणार नाही, कारण तुमची वाक्यं कुठून उचललेली नसतात, आणि तिथंच लोकांचं फावतं, साम्य १० टक्क्यांच्या आत आलं की सुटलो म्हणतात. (उद्या 'साम्य तेवढं कमी करून द्या' असंही म्हणतील, तेही नको, शब्द फिरवले म्हणून उसनं स्वतःचं होत नाही.)

ऱ्हस्व-दीर्घ, विभक्ती, लांबलेली वाक्यं, तळटीपा एकसारख्या करणं हे सगळं खुशाल करा, पण वर्डमधलं ट्रॅक चेंजेस लावून, म्हणजे एकेक बदल बाई स्वतः बघून घेतील. मुद्दा खटकला तर समासात फक्त विचारायचं, 'पान ८८ वर उलट म्हटलंय, नक्की कुठलं?' उत्तर त्यांनीच लिहायचं, वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्याच बसणारेत ना.

अवतरणांना मात्र हात लावू नका. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे, त्याआधीच्या पुस्तकातून घेतलेल्या उताऱ्यात 'नाहीं', 'कांहीं' असणारच, आपला हात सवयीनं तो अनुस्वार उडवतो आणि अवतरण चुकीचं होऊन बसतं, माझ्याकडून झालंय हे, एका प्रबंधात चाळीसेक ठिकाणी, सगळे परत घालत बसले होते.

गाइडना आधीच कळवायला सांगा, त्यांची संमती मेलवर घ्या. ऑस्ट्रेलियातल्या संपादकांच्या संस्थेनं तर प्रबंधांसाठी वेगळी नियमावलीच केलीय, संपादकाचं नाव आणि नेमकं काय काम केलं ते प्रबंधात छापायचं. आपल्याकडेही ऋणनिर्देशात एक ओळ टाकायला काय हरकत आहे? बाई त्याला कां कूं करायला लागल्या तर समजून जा.

आणि दर पानावर ठरवा, अर्धे आधी घ्या.