सिंगल कॉइल, पी-९० आणि हंबकर यांच्या आवाजात नेमका फरक काय, आणि ब्रिजजवळ कोणता पिकअप बसवावा?

आपल्याकडे तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे पिकअप) असलेली स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, धाटणीची इलेक्ट्रिक गिटार आहे, रॉक सोलो वाजवताना ब्रिजजवळच्या (तारा गिटारीच्या अंगावर जिथे टेकतात त्या टोकाच्या) पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचा, आवाज आपल्याला पातळ आणि टोचरा वाटतो, तिथे हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) बसवावा की पी-९० (एकाच, पण रुंद वेटोळ्याचा पिकअप) हे ठरत नाही, आणि तुलनेचे व्हिडिओ पाहून सगळेच सारखे वाटू लागले आहेत, असे आपण लिहिले आहे. गेली चौदा वर्षे मी स्वतःच्या आणि मित्रांच्या गिटारींचे पिकअप काढतो आणि बसवतो आहे. त्यातून जे हाती लागले ते सांगतो.

आधी व्हिडिओंविषयी. दोन आवाजांपैकी जो जरासा मोठा असतो तो आपल्या कानाला भरदार आणि चांगला वाटतो. हंबकर मुळात जास्त जोराचा सिग्नल देतो, त्यामुळे दोन्हींची पातळी सारखी करून घेतली नसेल, तर आपण टोनची तुलना करत आहोत असे समजून प्रत्यक्षात फक्त आवाजाच्या मोठेपणाची तुलना करत असतो. उलट, ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटवण्याची सोय) भरपूर ठेवला असेल, तर अॅम्प सगळ्यांनाच एका पातळीवर दाबून आणतो आणि फरक पुसट होतो. म्हणून मी एकदा तीन पिकगार्ड (पिकअप ज्यावर बसतात ते गिटारीचे पुढचे आवरण) तयार करून घेतले, एकाच गिटारीवर ब्रिजपासून तेवढ्याच अंतरावर तिन्ही पिकअप आळीपाळीने बसवले, तारांचा संच, प्लेक्ट्रम, तीन मीटरची केबल आणि अॅम्पचे नॉब तेच ठेवले, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर तिन्हींची पातळी जुळवली.

मग चौथी तार मोकळी छेडून ऐकली. सिंगल कॉइलमध्ये प्लेक्ट्रमचा आघात आणि त्यामागून येणारा स्वर असे दोन सुटे क्षण ऐकू आले. जवारी नीट उघडलेल्या तंबोऱ्यात वरचे उपस्वर जसे मूळ स्वरावर तरंगतात, तसे इथेही ते वेगळे उमटत होते. हंबकरमध्ये आघात स्वरात विरघळला होता, स्वर गोल आणि जाड झाला होता, पण त्याची वरची चकाकी कमी होती. पी-९० या दोघांच्या मध्ये बसतो असे सर्रास सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. त्याच्या मधल्या पट्टीत एक खरखरीत, गळ्यातून आल्यासारखा भाग आहे, जो बाकी दोघांकडे नाही. तार हलकेच छेडली तर तो स्वच्छ बोलतो आणि हात जरा जड पडला की गुरगुरतो. उजव्या हाताचा इतका बारीक फरक दाखवणारा पिकअप मी दुसरा वाजवलेला नाही.

हा फरक का पडतो, हे कळले तर निवड सोपी होते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरली की वेढ्यांमध्ये अत्यंत लहान विद्युतदाब निर्माण होतो. वेढे जितके जास्त तितका सिग्नल जोरकस, पण त्याचबरोबर वरच्या वारंवारता अडवल्या जातात. प्रत्येक पिकअप कुठल्या तरी एका पट्टीत सर्वांत जोराने बोलतो आणि त्याच्या वर झपाट्याने गप्प होतो. केबल जोडलेली असताना स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचे हे शिखर साधारण ३.५ ते ४.५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, तर जुन्या धाटणीच्या हंबकरचे साधारण २ ते ३ किलोहर्ट्झमध्ये. आपल्याला जो ‘टोचरेपणा’ जाणवतो तो नेमका या वरच्या पट्टीतला आहे. दुसरे असे, की हंबकरची दोन वेटोळी तारेचा जास्त रुंद तुकडा ऐकतात. ज्या उपस्वरांची लहर आखूड असते त्यांचे चढ आणि उतार एकाच वेळी त्या रुंदीत सापडतात आणि काही अंशी एकमेकांना खोडतात.

दुकानात पिकअपची ओळख किलोओममध्ये, म्हणजे त्याच्या तांब्याच्या तारेच्या विद्युतरोधात, सांगितली जाते, आणि इथे बरीच फसगत होते. माझ्या मीटरवर पी-९० आणि हंबकर दोन्ही ८ किलोओमच्या आगेमागे दिसले, आणि आवाज मात्र जमीन-अस्मानाइतका वेगळा होता. कारण पी-९० मध्ये सुमारे दहा हजार वेढे एकाच रुंद, बसक्या बॉबिनवर (वेढे गुंडाळायच्या साच्यावर) असतात, तर हंबकरमध्ये सुमारे पाच-पाच हजार वेढे दोन बॉबिनवर वाटलेले असतात. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो: पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ६.० दाखवणारा माझा सिंगल कॉइल मे महिन्याच्या दुपारी ६.४ दाखवतो, आणि आवाजात मला कणाचाही फरक ऐकू येत नाही.

चुंबकाचाही वाटा आहे, पण तो वेढ्यांपेक्षा लहान. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये अल्निको या चुंबकीय मिश्रधातूच्या कांड्या स्वतःच तारांखाली उभ्या असतात. पी-९० आणि हंबकरमध्ये चुंबक तळाशी आडवा असतो आणि वर पोलादी स्क्रू किंवा खिळे येतात. पोलाद मध्ये आले की आवाजाची धार बोथट होते. स्वस्त सिंगल कॉइलमध्येही बऱ्याचदा पोलादी खिळे आणि खाली सिरॅमिक चुंबक चिकटवलेला असतो, म्हणून आपला पिकअप उलटा करून पाहा. तळाशी काळी पट्टी दिसली तर आपण आतापर्यंत ऐकत आलो तो खरा स्ट्रॅटचा आवाज नाहीच.

गिब्सन या गिटार कंपनीने पी-९० १९४६ मध्ये आणला. फेंडर या दुसऱ्या कंपनीची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल या गिटारीवर येऊ लागला, आणि पेटंट मिळाले १९५९ मध्ये. हा क्रम सांगण्याचे कारण असे, की हंबकर जाड आवाजासाठी जन्मलेला नाही. तो विजेची घरघर मारण्यासाठी तयार केला गेला. त्याच्या दोन वेटोळ्यांचे वेढे आणि चुंबकाची टोके परस्परांच्या उलट असतात, त्यामुळे तारेचा सिग्नल बेरजेत येतो आणि बाहेरून आलेली घरघर वजाबाकीत जाते. आवाजाचा गोलवा हा त्या रचनेचा जोडपरिणाम आहे.

घरघरीचा विचार आपल्या घरी बसून करायला हवा, कारण पी-९० घ्यायचा की नाही हे तिथेच ठरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, आणि तिची घूं तर ऐकू येतेच. पण माझ्या खोलीत खरा त्रास पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा होता. पंखा तीनवर ठेवला की अॅम्पमधून भुंगा अडकल्यासारखा आवाज यायचा आणि पाचवर नेला की तो जवळजवळ नाहीसा व्हायचा. आपण आहे त्याच गिटारीवर ओव्हरड्राइव्ह लावून, न वाजवता, खुर्चीसकट हळूहळू गोल फिरून पाहा: घरघर एखाद्या दिशेला पुष्कळ कमी होते. सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एवढे करूनही आवाज असह्य असेल, तर पी-९० आपल्याला सुख देणार नाही, कारण तो घरघर सिंगल कॉइलइतकीच, किंबहुना जास्त, ओढतो.

काही खरेदी करण्याआधी पिकअपची उंची बदलून पाहा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ठेवा आणि चुंबकाच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. जाड तारेकडे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटरपासून सुरुवात करा, मग बारीक तारेकडचा स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत ऐकत जा. माझ्या एका मित्राच्या गिटारीत केवळ एवढ्याने बारीक तारांचा टोचरेपणा निघून गेला. नेकजवळचा पिकअप फार वर असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर स्वर थरथरतो. ट्यूनिंग बिघडले असे वाटते, पण दोष उंचीचा असतो. पुष्कळ स्ट्रॅटमध्ये ब्रिजच्या पिकअपला टोनचा नॉबच जोडलेला नसतो. एका तारेला डाग देऊन तो जोडता येतो आणि मग तीक्ष्णता हाताने हवी तेवढी उतरवता येते.

हे करूनही जाडी हवीच असेल, तर आपण लिहिलेल्या रॉक सोलोंसाठी मी ब्रिजला मध्यम जोराचा, अल्निको चुंबकाचा, ८ किलोओमच्या आसपासचा हंबकर सुचवेन. १५-१६ किलोओमचे जोरकस हंबकर एकटा स्वर छान लांबवतात, पण व्हॉल्यूम उतरवला की त्यांचा आवाज मळकट होतो, आणि आपल्या बाकीच्या दोन सिंगल कॉइलशी त्यांची पातळी जुळत नाही. पॉटकडे (नॉबखालच्या, रोध कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे) लक्ष द्या: सिंगल कॉइलच्या गिटारीत २५० किलोओमचे पॉट असतात, आणि त्यांच्यावर हंबकर कोंदट ऐकू येतो. व्हॉल्यूमचा पॉट ५०० चा करा. मग सिंगल कॉइल थोडे जास्त उजळ होतील, त्यांच्यासाठी टोनचा नॉब किंचित खाली ठेवावा लागेल.

पिकगार्ड उघडून खालची खोबण आधी पाहून घ्या. ती सिंगल कॉइलपुरतीच असेल, तर लाकूड कोरण्यापेक्षा सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर मिळतो तो घ्या. पूर्ण मापाच्या हंबकरइतका मोकळा तो बोलत नाही, पण गिटारीला इजा होत नाही आणि जुना पिकअप केव्हाही परत बसवता येतो.