सोलापूरवरचा प्रशासक आणि लक्षद्वीपचा प्रशासक

जुळे सोलापुरातल्या एका अभ्यासिकेतून प्रश्न आला आहे: "महापालिकेची मुदत संपली तेव्हा आपल्याकडे प्रशासक बसला. लक्षद्वीपलाही प्रशासकच आहे. मग तिथं काय बरखास्त झालंय? आणि अंदमानला नायब राज्यपाल, तर लक्षद्वीपला का नाही?"

बरखास्त काहीच झालेलं नाही. आपल्या कानावर हा शब्द पडतो तो बहुतेक वेळा 'वर' आणि 'बसणे' यांच्या सोबतीनं. बाजार समितीवर प्रशासक बसला, बँकेवर बसला, कारखान्यावर बसला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. निवडून आलेल्यांची खुर्ची रिकामी झाली की तात्पुरता येतो तो प्रशासक, हा अर्थ त्यामुळे डोक्यात पक्का बसलेला असतो. (तात्पुरता म्हणजे किती, हे सोलापूरकराला विचारू नये.)

लक्षद्वीपचा प्रशासक मात्र कोणाच्या बदली आलेला नाही. तिथं विधानसभा कधी नव्हतीच. १ नोव्हेंबर १९५६ ला हा केंद्रशासित प्रदेश झाला तेव्हापासून कारभार राष्ट्रपतींच्या नावानं चालतो, आणि तो ज्याच्यामार्फत चालतो त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २३९ मध्ये प्रशासक म्हटलं आहे. म्हणून तो लक्षद्वीप'वर' बसत नाही, लक्षद्वीप'चा' असतो. मराठी लिहिताना एवढा प्रत्यय सांभाळला तरी निम्मा घोळ मिटेल.

आता नायब राज्यपाल. त्याच अनुच्छेदात एक सोय आहे: प्रशासकाला कोणतं पदनाम द्यायचं ते राष्ट्रपती ठरवतात. अंदमान-निकोबार, दिल्ली, पुदुच्चेरी, जम्मू-काश्मीर आणि लडाख इथं ते 'नायब राज्यपाल' आहे. लक्षद्वीप आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव इथं नुसतं 'प्रशासक'. चंदीगडची तऱ्हा निराळी, तिथं पंजाबचे राज्यपालच प्रशासक म्हणून काम पाहतात. घटनेच्या दृष्टीनं हे सगळे प्रशासकच. 'नायब' या शब्दानंही फसू नका. नायब तहसीलदाराच्या वर तहसीलदार असतो, नायब राज्यपालाच्या वर मात्र कोणी राज्यपाल बसलेला नसतो. तो थेट राष्ट्रपतींचा प्रतिनिधी.

विधानसभाच नाही तर कायदे कोण करतं? संसद करतेच, शिवाय अनुच्छेद २४० खाली राष्ट्रपती लक्षद्वीपसाठी 'विनियम' काढू शकतात. याला 'नियम' म्हणू नये. नियम हे एखाद्या कायद्याच्या पोटात असतात, पण या विनियमाला संसदेच्या कायद्याइतकंच बळ असतं, आणि लागू असलेला संसदेचा कायदाही त्यानं बदलता येतो. तिथल्या पंचायतींचा पायाही १९९४ चा असाच एक विनियम आहे.

या सगळ्याचा पसारा किती? जमीन ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटं १०, २०११ च्या जनगणनेत माणसं ६४,४७३. सोलापूर शहर त्याच गणनेत साडेनऊ लाखांवर होतं. तरी लोकसभेत लक्षद्वीपचा स्वतंत्र खासदार आहे. १९६७ पर्यंत तो राष्ट्रपती नेमत, तेव्हापासून निवडून येतो. राज्यसभेत जागा नाही. उच्च न्यायालय केरळचं. मुख्यालयही आधी कोझिकोडला होतं, ते १९६४ मध्ये कवरत्तीला गेलं. आपली नगरपालिका महापालिका झाली तीही त्याच वर्षी.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. दक्षिण टोकाच्या मिनिकॉय बेटावर महल भाषा बोलतात. तिथं प्रत्येक गावाचा पुरुष प्रमुख 'बोडुकाका' आणि स्त्री प्रमुख 'बोडुदाता'. काही लेखांत बोडुकाकाला सरळ 'सरपंच' करून टाकलेलं दिसतं. ते चूक आहे, कारण हे पद पंचायतीच्या विनियमातून आलेलं नाही, गावाच्या जुन्या रिवाजातलं आहे. फारच मराठी करायचं असेल तर 'गावप्रमुख' चालेल, पण मी तरी 'बोडुकाका'च ठेवेन.