जहाजावरच्या कुकला कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळेल का?

प्रश्न : क्रूझ जहाजावर नऊ-नऊ महिन्यांच्या करारांवर काम करतो. पहिला करार गॅली युटिलिटी (जहाजाच्या स्वयंपाकघरातला मदतनीस) म्हणून, नंतरचे तीन कुक म्हणून. मधे दोन-तीन महिने बिनपगारी घरी असतो. एक्सप्रेस एंट्रीतून (गुणांवर पीआरसाठी निवड करणारी कॅनडाची पद्धत) अर्ज करता येईल का? आठवड्याला सत्तर तास राबतो, ते मोजतात का?
– एक तारवटी, म्हापसा

उत्तर : परदेशातल्या अनुभवावर अर्ज करायचा तर फेडरल स्किल्ड वर्कर हा त्यातला मुख्य मार्ग. त्यात गेल्या 10 वर्षांत एकाच व्यवसायातलं सलग 1 वर्षाचं पगारी काम लागतं. अडतं ते ‘सलग’पाशीच. करार संपला, पगार थांबला की साखळी तुटते. तीन करारांचे 27 महिने भरले, तरी त्यात अखंड 12 महिने नाहीत. सत्तर तासांचाही इथे उपयोग नाही, कारण आठवड्याचे 30 तासच धरतात. वर्षाचे 1,560 तास पाच-सहा महिन्यांत भरले म्हणून वर्ष भरत नाही. एजंट तसं सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

सर्वांत भक्कम उपाय म्हणजे गोव्यातल्याच एखाद्या हॉटेलात कुक म्हणून सलग 12 महिने काम करा. महिना-दोन महिने जास्तच केलेले बरे. कॅनडा कामांना कौशल्यानुसार ‘टीअर’ म्हणजे पातळ्या देतो. कुक टीअर 3 मध्ये येतो, म्हणून चालतो. किचन हेल्पर आणि वेटर टीअर 5 मध्ये, त्यामुळे तुमचा युटिलिटीचा करार इथे धरला जाणार नाही. जहाजाचा कुकचा अनुभव मात्र वाया जात नाही. पुढे सीआरएस गुणांत (उमेदवारांची क्रमवारी लावणारे गुण) तुकड्यातुकड्यांचा अनुभवही मोजतात.

अनुभवपत्र लेटरहेडवर, सहीनिशी हवं. त्यात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामं लिहिलेली असावीत. नुसतं ‘कुक म्हणून कार्यरत होते’ एवढ्यावर अर्ज फेटाळला जातो. सीडीसीवरचे (खलाशाच्या नोंदवहीवरचे) शिक्के जोडा, पण ते पत्राची जागा घेत नाहीत. खोटं पत्र पकडलं गेलं तर 5 वर्षं बंदी, त्या वाटेला जाऊच नका.

या वर्षभरात आयेल्ट्स जनरल ही इंग्रजीची परीक्षा द्या. चारही भागांत किमान 6 हवेत आणि निकाल 2 वर्षंच चालतो. शिक्षणाचं मूल्यांकनही करून घ्या. फेडरल स्किल्ड वर्करच्या पात्रता-तक्त्यात 100 पैकी 67 गुण झाले की फक्त पूलमध्ये (पात्र उमेदवारांच्या यादीत) शिरता येतं, निवड सीआरएसवर होते. तिथे तिशीपासून दर वर्षी वयाचे गुण घटतात. तिथे स्थिरावण्याच्या खर्चासाठी खात्यात पैसे दाखवावे लागतात, ती रक्कम कर्जाची चालत नाही. बँकेच्या पत्रात मागच्या 6 महिन्यांची सरासरी शिल्लक दाखवावी लागते, म्हणून पैसे आतापासूनच बाजूला ठेवा.