214 पिकोसेकंदांनी पेट स्कॅनच्या इमेजमध्ये नेमकं काय बदलतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विभागात नवीन पेट-सीटी (पेट आणि सीटी स्कॅन एकत्र करणारं मशीन) घ्यायचं चाललंय. विक्रेता म्हणतो जुन्याचं टायमिंग, म्हणजे वेळ मोजण्यातली अनिश्चितता, 500 पिकोसेकंदांच्या पुढे (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), नव्याचं 214, म्हणून इमेज दुपटीने शार्प. तुमचे फिजिसिस्ट म्हणतात, सगळी करामत रिकन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरची, म्हणजे मोजलेल्या डेटातून इमेज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. खरं काय?

विक्रेत्याचा आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. फिजिसिस्टचं म्हणणं बरंचसं बरोबर, पण सॉफ्टवेअरला चांगलं टायमिंग मिळालंच नाही तर ते करामत कशावर करणार?

शार्पनेसचा मुद्दा आधी निकालात काढू. रुग्णाला टोचलेल्या किरणोत्सारी औषधातून पॉझिट्रॉन निघतो. तो आणि शरीरातला इलेक्ट्रॉन एकत्र येऊन नष्ट झाले की 511 केईव्ही ऊर्जेचे दोन फोटॉन (गॅमा किरण) जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. साध्या पेटला एवढंच कळतं, की हे ते फोटॉन टिपणाऱ्या दोन डिटेक्टर क्रिस्टलना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडलं. टाइम ऑफ फ्लाइट, म्हणजे टीओएफ मशीन दोघांपैकी कोण किती आधी पोचला तेही मोजतं. वेळेतला फरक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले 2, इतकं सोपं गणित. 500 पिकोसेकंदांची अनिश्चितता म्हणजे रेषेवर साडेसात सेंटिमीटर, 214 म्हणजे 3.2 सेंटिमीटर. आणि क्रिस्टलची रुंदी? तीन-चार मिलिमीटर. रिझोल्यूशन ठरतं ते या रुंदीवर, पॉझिट्रॉन थांबण्याआधी किती भटकतो त्यावर आणि दोन फोटॉनमधला कोन नेमका 180 अंश नसतो त्यावर. तीन सेंटिमीटरची माहिती तीन मिलिमीटरच्या तपशिलात काय भर घालणार?

फायदा होतो नॉइजमध्ये. टीओएफ नसेल तर प्रत्येक घटना रुग्णाच्या अंगातून जाणाऱ्या अख्ख्या रेषेवर सारखी पसरली जाते. चाळीत एका खोलीतला टीव्ही सगळ्या मजल्याला ऐकू यावा, तसा यकृताचा नॉइज त्या रेषेवरच्या प्रत्येक पिक्सेलला ऐकू येतो. टायमिंग सुधारलं की तो शेजारच्या दोन खोल्यांपुरता उरतो. ढोबळ सूत्र: सिग्नल-टू-नॉइजमधली वाढ ही शरीराची जाडी भागिले ती अनिश्चितता, याच्या वर्गमुळाइतकी. 40 सेंटिमीटरचं पोट आणि 3.2 सेंटिमीटर घेतले तर साडेतीन पट, 20 सेंटिमीटरच्या डोक्याला अडीच पट. प्रत्यक्षात इतकं पदरात पडत नाही, पण कल दिसतो: रुग्ण जितका जाड, तितका फायदा जास्त. टायमिंग निम्मं केलं की सिग्नल-टू-नॉइज सुमारे 1.4 पट, म्हणजे त्याच इमेजसाठी निम्मे काउंट (नोंदलेल्या घटना) पुरतात. औषधाचा डोस कमी करा किंवा टेबलाच्या प्रत्येक टप्प्यावरचा स्कॅनचा वेळ.

ही कल्पना नवी नाही. 1980च्या दशकात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टेर-पोगोसियन यांच्या गटाने टीओएफ मशीन बांधली होती. तेव्हाचे क्रिस्टल, सिझियम फ्लुओराइड आणि बेरियम फ्लुओराइड, वेगवान होते, पण फोटॉन अडवायला कमकुवत. बीजीओ हा दुसरा क्रिस्टल अडवायला उत्तम, पण त्याचा प्रकाश 300 नॅनोसेकंद रेंगाळतो. एलएसओ हा ल्युटेशियमचा क्रिस्टल आला तेव्हा दोन्ही जमलं: घनता 7.4, प्रकाश सुमारे 40 नॅनोसेकंदांत ओसरतो. फिलिप्सचं जेमिनी टीएफ हे पहिलं व्यावसायिक टीओएफ मशीन 2006चं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातलं पहिलं पेट 2002 सालीच सुरू झालं होतं, म्हणजे आपल्याकडची सुरुवात टीओएफविनाच झाली. पुढे क्रिस्टलचा प्रकाश टिपणाऱ्या फोटोमल्टिप्लायर ट्यूब गेल्या, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर आले आणि सीमेन्सच्या बायोग्राफ व्हिजनने 214 गाठले.

याखाली जाणं इतकं अवघड का, ते एका क्रिस्टलमध्ये शिरून बघा. लांबी 20 मिलिमीटर, सेन्सर मागच्या टोकाला. गॅमा, म्हणजे तो 511 केईव्हीचा फोटॉन, पुढच्याच टोकाला अडला तर त्याचा प्रकाश मागे पोचायला सुमारे 121 पिकोसेकंद घेतो, कारण एलएसओचा अपवर्तनांक 1.82 आहे. गॅमा सेन्सरपाशी जाऊन अडला तर तेवढंच अंतर तो स्वतः 67 पिकोसेकंदांत कापतो. इलेक्ट्रॉनिक्स निर्दोष धरलं तरी 50-55 पिकोसेकंदांचा घोळ इथेच झाला, आणि भिंतींवर आपटत जाणारा प्रकाश अजून मोजलाच नाही. क्रिस्टल आखूड केला तर गॅमा अडायचेच कमी. त्यामुळे गॅमा क्रिस्टलमध्ये किती खोलवर अडला ते मोजणारे डिटेक्टर, कॅल्शियम मिसळलेलं एलएसओ, चेरेन्कोव्ह प्रकाश (वेगवान इलेक्ट्रॉनमुळे पदार्थात जवळजवळ तत्क्षणी उमटणारा प्रकाश) असे प्रयोग चालू असतात. 2021 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिस आणि हामामात्सु यांच्या गटाने चेरेन्कोव्ह वापरून 32 पिकोसेकंद गाठले, म्हणजे रेषेवर 4.8 मिलिमीटर. त्यांनी रिकन्स्ट्रक्शन केलंच नाही, घटना थेट जागेवर मांडल्या. ते प्रयोगशाळेत, दोन डिटेक्टरांवर. तुमच्या खरेदीशी त्याचा संबंध नाही.

आता तुमच्या फिजिसिस्टची बाजू. रिकन्स्ट्रक्शनमध्ये प्रत्येक रेषेवर एक गॉसियन कर्नल, म्हणजे घटना कुठे घडली असण्याची शक्यता सांगणारा घंटेच्या आकाराचा वक्र, बसवतात. त्याची रुंदी मशीनच्या खऱ्या टायमिंगशी जुळली पाहिजे. रुंद ठेवलात तर डिटेक्टरवर खर्च केलेले पैसे वाया. अरुंद ठेवलात तर इमेजमध्ये बायस (एकाच दिशेची पद्धतशीर चूक) येतो. शिवाय प्रत्येक क्रिस्टलचा स्वतःचा टाइम ऑफसेट (घड्याळातला ठराविक फरक) असतो. एका चॅनेलचं कॅलिब्रेशन 200 पिकोसेकंदांनी सरकलं, की त्याच्या घटना तीन सेंटिमीटर भलतीकडे मांडल्या जातात. तापमान बदललं की हे सरकतं, म्हणून रोजचं क्यूसी (गुणवत्ता तपासणी) कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. उलट बाजूने, चांगलं टायमिंग बाकीच्या चुका झाकतं: सीटी घेताना आणि पेट चालू असताना श्वास वेगळा असला, तर डायाफ्रामजवळची अटेन्युएशनची (शरीरात शोषल्या गेलेल्या फोटॉनच्या हिशोबाची) गडबड टीओएफमध्ये कमी दिसते. माझ्या मते रोजच्या कामात हा फायदा ब्रोशरमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

डेमोमध्ये एक चलाखी हमखास दिसते. टीओएफ चालू आणि बंद अशा दोन इमेज सारख्याच इटरेशनवर (सॉफ्टवेअरने इमेज तितक्याच वेळा सुधारल्यावर) शेजारी लावतात. टीओएफ कमी फेऱ्यांत कन्व्हर्ज होतं, म्हणजे अंतिम इमेजपाशी पोचतं, त्यामुळे बंद इमेज अर्धकच्ची असते आणि तुलना एकतर्फी होते. त्यापेक्षा नेमा फँटम (आत वेगवेगळ्या आकाराचे गोळे असलेला प्रमाणित चाचणी-नमुना) भरून घ्या, लिस्ट-मोड डेटा (प्रत्येक घटनेची स्वतंत्र नोंद) एकदाच गोळा करा आणि टीओएफ चालू-बंद दोन्ही वेगवेगळ्या इटरेशनला रिकन्स्ट्रक्ट करून मागा. प्रत्येक वेळी 10 मिलिमीटरच्या गोळ्याचा कॉन्ट्रास्ट आणि पार्श्वभूमीचा नॉइज एकाच ग्राफवर मांडा. मग तोच डेटा निम्म्या वेळेपुरता कापून पुन्हा करायला सांगा. आणि टायमिंगचा आकडा कुठल्या काउंट रेटला मोजला ते लेखी घ्या. काउंट रेट वाढला की बऱ्याच मशीनचं टायमिंग घसरतं आणि तुमचे रुग्ण काही कमी काउंट रेटला स्कॅन होणार नाहीत.