दोघींत निम्मे-निम्मे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, ‘काका, दोन्ही चिप कंपन्या भाव पाडतायत, दोघींचे शेअर स्वस्त झालेत. निम्मे पैसे हिच्यात, निम्मे तिच्यात. कोणीतरी जिंकणारच.’ तेव्हा पाहुणे होते, मी बोललो नाही. पण ते डोक्यातून जाईना. हाच हिशेब मी एकदा केलाय.

2006 साल. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आमची वर्षाची खरी कमाई इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनच्या हंगामात व्हायची. मे महिन्यात मी इंटेलचे पेंटियम डी आणि एएमडीचे अ‍ॅथलॉन 64 एक्स2 हे प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, सारख्याच संख्येने भरले. गिऱ्हाईक मागेल ते देऊ. जुलैत इंटेलने नवा प्रोसेसर कोअर 2 डुओ आणला आणि पेंटियम डीचे भाव धाडकन खाली आणले. एएमडीनेही कापले, 303 डॉलरचा एक्स2 3800+ एका फटक्यात 152 वर आला. रेटलिस्ट आली की मी सीलबंद खोक्यांवर पेन्सिलीने लिहिलेले खरेदीचे आकडे बघायचो आणि समोरच्या पोराला त्याहून कमी भाव सांगायचो. वितरकाने तोंडी ‘प्राइस प्रोटेक्शन’ कबूल केलं होतं, म्हणजे भाव पडला तर फरक तो भरून देणार. त्या फरकाची क्रेडिट नोट शेवटपर्यंत आली नाही. दोन्हीकडचा माल होता, म्हणून दोन्हीकडून तोटा झाला.

शेअरवाल्यांचं वेगळं झालं नाही. त्याच जुलैत एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी 5.4 अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, त्यासाठी 2.5 अब्जांचं कर्ज काढलं. भाव पडत असताना डोक्यावर कर्ज! 2006 च्या पहिल्या तिमाहीत 60 टक्क्यांच्या जवळ असलेला तिचा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा जाता उरणारा हिस्सा, वर्षभरात 28 टक्क्यांवर आला. 2006 च्या सुरुवातीला 40 डॉलरच्या आसपास खेळणारा शेअर 2008 च्या अखेरीस 2 डॉलरच्या घरात. यात मंदीचाही हात होता, पण घसरण मंदीच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. आणि जिंकलेली इंटेल? 2005 चा 8.7 अब्जांचा नफा 2006 मध्ये 5 अब्जांवर आला, साडेदहा हजार नोकऱ्या कमी कराव्या लागल्या. लढाई जिंकली तरी भागधारकाच्या हाती त्या वर्षी काही लागलं नाही.

हे असं का होतं ते नीट समजून घे. चिपचा कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर आधीच ओतावे लागतात. तो चालवा नाहीतर बंद ठेवा, घसारा आणि व्याज चुकत नाही. त्यामानाने आणखी एक वेफर, म्हणजे जिच्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती, काढायला खर्च थोडा. म्हणून भाव पडले तरी उत्पादन लगेच थांबत नाही, आणि गोदामातला माल दर महिन्याला शिळा होतो. भाव सावरतो तो कोणीतरी हात वर केल्यावरच. मेमरी चिपमध्ये हे स्पष्ट दिसलं: 2009 मध्ये जर्मनीची किमोंडा बुडाली, 2012 मध्ये जपानची एल्पिडा. डीरॅम या मेमरीच्या प्रकारात मोठ्या तिघीच उरल्या, सॅमसंग, हायनिक्स आणि मायक्रॉन. 2012 मध्ये 6 डॉलरच्या आसपास मिळणारा मायक्रॉनचा शेअर 2014 मध्ये 30 च्या वर गेला. मात्र 2016 च्या सुरुवातीला तोच पुन्हा 10 च्या जवळ होता, हेही वहीत लिहून ठेव.

तेव्हा ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न आधी बाजूला ठेव. कोणाकडे रोकड किती, कर्ज किती, मालसाठा विक्रीपेक्षा वेगाने वाढतोय का, ते बघ. कारखाना स्वतःचा की चिपा दुसऱ्याकडून करून घेतल्या जातात, तेही बघ. एएमडीने 2009 मध्ये कारखाने वेगळे काढले. तो भार गेला नसता तर 2017 च्या रायझन प्रोसेसरपर्यंत ती तग धरून असती असं मला वाटत नाही. बाजारहिश्श्याच्या बातम्यांना माझ्या लेखी फारशी किंमत नाही. भाव पाडून हिस्सा कोणालाही वाढवता येतो.

आणखी एक, हे मला जास्त टोचतंय. तुझा पगारही चिप डिझाइनमधूनच येतो. उद्या या धंद्यात मंदी आली तर नोकरी आणि शेअर एकदमच हलतील, आणि बाणेरच्या फ्लॅटचा हप्ता थांबायचा नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च आधी बँकेत एफडीत टाक. त्याला हात न लावता जे उरेल, त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त या दोघींत मिळून नको. परदेशी शेअर घेतलेस तर इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायला विसरू नकोस, एकच शेअर असला तरी.

रविवारी सकाळी ये. दोन्ही कंपन्यांचे गेल्या आठ तिमाहींचे निकाल छापून आण, आणि ढोबळ नफ्याचा रकाना येण्याआधी स्वतःच्या हाताने भरून ठेव. काकू साबुदाण्याची खिचडी करणार आहे.

तुझा,
काका