वीस गुणांचा विकिपीडिया: प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

अंतर्गत मूल्यमापनासाठी विकिपीडियाचे संपादन देण्याची पद्धत मुंबईतल्या कॉलेजांमध्येही येऊ लागली आहे. त्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. विचारणाऱ्यांची नावे गाळली आहेत. उत्तरे मराठी विकिपीडिया धरून दिली आहेत. इंग्रजीचा दाखला असेल तिथे तसे म्हटले आहे.

एसवायच्या वर्गात सत्तर विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने मराठी विकिपीडियावर एक नवा लेख लिहायचा आणि त्याला वीस गुण, असे योजले आहे. चालेल का? (इतिहासाच्या प्राध्यापिका, दादर)

नव्या लेखाचा हट्ट सोडा, बाकी योजना चांगली आहे. नवा लेख हे विकिपीडियावरचे सर्वांत अवघड काम. विषय उल्लेखनीय आहे हे दाखवावे लागते, त्यासाठी किमान दोन-तीन स्वतंत्र आणि विश्वासार्ह संदर्भ लागतात, आणि तोच लेख दुसऱ्या शीर्षकाने आधीपासून आहे का हेही तपासावे लागते. पहिल्यांदा संपादन करणाऱ्याला हे एकदम झेपत नाही. मग शेवटच्या दोन दिवसांत कुठून तरी मजकूर उचलून चिकटवला जातो.

२०११ मध्ये पुण्यातल्या काही कॉलेजांत इंग्रजी विकिपीडियासाठी मोठा उपक्रम झाला, त्यात नेमके हेच घडले. शेकडो विद्यार्थी एकदम उतरले, पुस्तकांतले आणि वेबसाइटवरचे परिच्छेद जसेच्या तसे आले, आणि वर्षअखेरीस उपक्रम गुंडाळावा लागला. चिकटवलेला मजकूर शोधून काढण्याचे काम मात्र स्वयंसेवकांच्या गळ्यात पडले. मराठी विकिपीडियावर नव्या संपादनांवर नियमित गस्त घालणारे लोक मोजकेच आहेत. एका रात्रीत सत्तर कच्चे लेख येऊन पडले तर ते वाचणार कोण? अशा वेळी सरसकट हटवण्याकडे कल जातो, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही.

त्याऐवजी आधीपासून असलेला, चार-सहा ओळींचा लेख निवडू द्या. मुंबईतली स्थानके, तलाव, बाजारपेठा, ग्रंथालये, जुनी नाट्यगृहे यांवरचे किती तरी लेख अजून तेवढेच आहेत. त्यात संदर्भांसह तीन परिच्छेदांची भर घालणे एका विद्यार्थ्याला एका सत्रात जमते. ‘मुंबई’ हा मुख्य लेख कोणालाही देऊ नका. दहा जण एकाच वेळी तिथे बसले की एकाचे संपादन दुसऱ्याच्या आड येते आणि ‘संपादन संघर्ष’ असा संदेश झळकत राहतो.

बारा आठवडे धरले तर पहिले दोन खाते उघडणे आणि शुद्धलेखनाच्या किरकोळ दुरुस्त्या यांत जाऊ द्या. पुढचे तीन फक्त संदर्भ शोधायला. इथे घाई केली की पुढे सगळे डळमळते. मग तीन आठवडे स्वतःच्या धूळपाटीवर, म्हणजे सदस्याच्या सरावपानावर लेखन, एक आठवडा एकमेकांचे मसुदे तपासायला, आणि नवव्या आठवड्याअखेर मजकूर मुख्य लेखात गेलाच पाहिजे. उरलेले तीन आठवडे रिकामे वाटतील, पण हरकती, चर्चा आणि दुरुस्त्या त्यातच होतात. जूनमध्ये सत्र सुरू होत असेल तर लेखन गणपतीच्या सुट्टीआधी संपवा. सुट्टीनंतर वर्गाचे लक्ष परीक्षेकडे लागलेले असते.

धूळपाटीवरचा मजकूर मुख्य लेखात नेताना अख्खा लेख पुसून आपला चिकटवायचा नाही. मधल्या काळात कोणी तारीख सुधारलेली असते, कोणी ‘वर्ग’, म्हणजे लेखाचा विषयगट, जोडलेला असतो, ते सगळे त्यात वाहून जाते. एकेक विभाग वेगळा जोडावा, प्रत्येक वेळी सारांशात, म्हणजे काय बदलले ते सांगण्याच्या चौकटीत, एक ओळ लिहावी. हरकत आली तर मग तेवढाच विभाग मागे जातो. मसुदा दोघांनी मिळून लिहिला असेल तर नेणाऱ्याने दुसऱ्याचे सदस्यनाव सारांशात दिलेच पाहिजे. विकिपीडियाचा मजकूर ज्या मुक्त परवान्याखाली असतो त्याची ती अट आहे.

संगणक कक्षात खाती उघडायला बसलो. सहा जणांची उघडली, सातव्यापासून सगळ्यांना नकार. कॉलेजला ब्लॉक केले आहे का? (माहिती तंत्रज्ञान विभाग, अंधेरी)

ब्लॉक नाही. एका आयपी पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात, आणि कक्षातले सगळे संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात.

सोपा उपाय असा की विद्यार्थ्यांना आदल्या आठवड्यात घरून खाती उघडून यायला सांगा. मोबाईल डेटावर कधी कधी आयपी पत्त्यांचा संपूर्ण पट्टाच अडवलेला आढळतो, तेव्हा घरचे वायफाय बरे. कक्षातच उघडायची असतील तर फॅब्रिकेटर या तांत्रिक मागण्यांच्या संकेतस्थळावर किमान आठवडाभर आधी सवलत मागा. त्यात कॉलेजचा सार्वजनिक आयपी पत्ता, तारीख, वेळ, अंदाजे संख्या आणि कोणता विकिपीडिया हे लिहायचे. बरेच जण इथे संगणकाच्या सेटिंगमध्ये दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा देतात. तो कॉलेजच्या आतला पत्ता असतो, त्याचा काही उपयोग नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून मिळालेला पत्ता विचारून घ्या.

खाते उघडताना ईमेल घातलाच पाहिजे असा विकिपीडियाचा आग्रह नसतो, पण तुमचा असू द्या. ईमेल नसलेल्या खात्याचा पासवर्ड विसरला की ते खाते गेलेच म्हणून समजा. पाच जणांच्या गटाला एकच खाते किंवा विभागाच्या नावाचे खाते चालत नाही. एक माणूस, एक खाते. सदस्यनावात खरे नाव, रोल नंबर, कॉलेज यांपैकी काही नको. कोणते नाव कोणाचे ही यादी तुमच्या वहीत ठेवा.

विद्यार्थ्याने लिहिलेले दुसऱ्याने बदलले किंवा काढून टाकले तर गुण कशावर द्यायचे? आम्ही सध्या ‘किमान २,००० बाइट’ अशी अट ठेवली आहे. (मराठी विभाग, ठाणे)

बाइटची अट आजच काढा. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘विकिपीडिया’ हा शब्द तीस बाइटचा होतो, रोमन लिपीत तोच नऊचा. म्हणजे २,००० बाइट म्हणजे मराठीचे जेमतेम शंभर शब्द, आणि एखादी माहितीचौकट (लेखाच्या कडेचा ठळक माहितीचा तक्ता) डकवली की तेवढे पाच मिनिटांत भरतात. शिवाय फालतू मजकूर काढून लेख सुधारणाऱ्याच्या नावापुढे उणे आकडा दिसतो. त्याला शून्य देणार का?

मजकूर टिकला की नाही यावरही गुण नकोत. ते विद्यार्थ्याच्या हातात नसते, आणि टिकवण्याच्या नादात मुले हटवलेले पुन्हा पुन्हा परत घालू लागतात. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा असे केले तर खाते अडवले जाऊ शकते. मराठीतही अशा ओढाताणीकडे कोणी कौतुकाने पाहत नाही.

तपासायची ती विद्यार्थ्याने ठेवलेली आवृत्ती. पानाच्या ‘इतिहास’मध्ये तारीख-वेळेवर टिचकी मारली की ती आवृत्ती उघडते. तिच्या पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि पुढे लेख कितीही बदलला तरी तो दुवा तोच मजकूर दाखवतो. सबमिशनमध्ये हाच दुवा घ्या. एक फट मात्र लक्षात ठेवा: पान पूर्ण हटवले गेले किंवा आवृत्ती लपवली गेली तर ती फक्त प्रचालकांना, म्हणजे पाने हटवण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना दिसते. म्हणून मुख्य लेखात नेण्याआधी धूळपाटीची पीडीएफ प्रत प्रत्येकाकडून घेऊन ठेवा.

वीस गुणांची आम्हाला योग्य वाटणारी विभागणी अशी: संदर्भांची निवड पाच, लेखन सहा, सहाध्यायाच्या मसुद्याची तपासणी तीन, चर्चा पानावरचे (लेखाला जोडून असलेल्या, त्याविषयी बोलण्याच्या पानावरचे) वागणे तीन, आणि काय वगळले व का याचे अर्ध्या पानाचे टिपण तीन. तोंडी परीक्षेत एकच करा. कोणतेही एक वाक्य निवडा आणि त्याचा संदर्भ असलेल्या पुस्तकाचे ते पान मोबाईलवर दाखवायला सांगा. ज्याने पुस्तक उघडलेच नाही तो तिथेच सापडतो.

मी लालबागच्या आमच्या चाळीविषयी आणि गिरणी संपाविषयी आजीने सांगितलेली माहिती लिहिली. ती एका तासात काढली, ‘संदर्भ नाही’ म्हणून. आजी स्वतः तिथे होती, मग खोटे कसे? (टीवायचा विद्यार्थी)

खोटे कोणीच म्हटलेले नाही. विकिपीडियाचा प्रश्न ‘खरे आहे का’ एवढाच नसतो. ‘वाचणाऱ्याला ते दुसरीकडे छापील पडताळता येईल का’ हा असतो. आजीची आठवण ही मौखिक इतिहासाची मोलाची सामग्री आहे. ती ध्वनिमुद्रित करा, विभागाच्या नियतकालिकात छापा. विकिपीडियावर ती थेट येत नाही. तुमचा स्वतःचा प्रबंध किंवा प्रकल्पही याच कारणाने संदर्भ म्हणून चालत नाही.

पण विषय सोडू नका. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, आणि त्यावर वृत्तपत्रे, शोधनिबंध आणि पुस्तके यांत भरपूर छापलेले आहे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस घालवा. पुस्तक हाती आले की लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे टिपा; पृष्ठक्रमांकासाठी पुन्हा यावे लागणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर मराठी विश्वकोशातली नोंद वाचा आणि तिथून मूळ पुस्तकांकडे जा. नोंदीतली वाक्ये उचलायची नाहीत.

जुन्या वस्त्या, रस्ते, तलाव यांसाठी १९०९-१० चे मुंबई शहर गॅझेटियर कामाचे आहे. त्याचे तीनही खंड आता स्वामित्वहक्कमुक्त आहेत. तारखा आणि बांधकामे यांसाठी ते खुशाल वापरा. लोकांच्या जातिजमातींची त्यातली वर्णने मात्र साहेबाच्या नजरेची आहेत, ती तथ्य म्हणून देऊ नका. काळा घोड्याजवळच्या राज्य अभिलेखागारातली कागदपत्रे हे मूळ साधन असते. ‘अमुक पत्रात अमुक लिहिले आहे’ इथवर ठीक. त्यावरून स्वतः निष्कर्ष काढला की ते पुन्हा तुमचे संशोधन झाले.

वृत्तपत्रातली बातमी संदर्भ म्हणून देण्याआधी तिची तारीख बघा. ती विकिपीडियाच्या लेखानंतरची असेल आणि वाक्ये जुळत असतील, तर बातमीदारानेच इथून घेतलेले असते.

इंग्रजी लेख भाषांतर साधनातून किंवा चॅटजीपीटीतून मराठीत आणला तर? (बीएचे दोन विद्यार्थी, कल्याण)

भाषांतर ही रास्त वाट आहे. मजकुराच्या मुक्त परवान्यात ते बसते, फक्त मूळ लेखाचा उल्लेख सारांशात हवा. ‘आशय भाषांतर’ साधन तो आपोआप करते, हाताने नेलात तर तुम्ही लिहा. अडचण येते ती यंत्राचे वाक्य न वाचता ठेवल्याने. भायखळ्याचे ‘बायकुला’ आणि शीवचे ‘सायन’ होते, एकाच परिच्छेदात एकाच माणसाला कधी ‘तो’ तर कधी ‘ते’ म्हटले जाते, आणि मराठीत नसलेले साचे, म्हणजे अनेक लेखांत वापरायचे तयार तुकडे, लाल अक्षरांत लटकत राहतात. मूळ लेखातला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा; मेलेला दुवा मराठीत आणून काय साधणार?

चॅटबॉटकडून लेख लिहवून घेऊ नका. तो खऱ्या लेखकाच्या नावावर नसलेले पुस्तक खपवतो. तपासनीस आधी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, बघतात. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने ठरतो, त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक बहुधा तिथेच फसतो. दुव्याच्या शेपटीला चॅटजीपीटीचे नाव राहून जाणे हाही नेहमीचा पुरावा. इंग्रजी विकिपीडियावर ऑगस्ट २०२५ पासून असे न तपासलेले यांत्रिक लेख चर्चेविना हटवता येतात.

वर्डमधून चिकटवलेला मजकूर अगम्य दिसतो. (ग्रंथपाल, वसई)

मूळ फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा. थेट टंकन करायचे असेल तर संपादन चौकटीत कंट्रोल आणि एम दाबा. ‘अक्षरांतरण’ आणि ‘इनस्क्रिप्ट’ दोन्ही तिथे मिळतात.

हेरिटेज वॉकमध्ये मुलांनी काढलेले फोटो टाकायचे आहेत. भित्तिचित्रेही आहेत. (पर्यटन विभाग, चर्चगेट)

फोटो विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर जातात, खाते तेच चालते. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या इमारती आणि शिल्पे यांचा फोटो प्रसिद्ध करता येतो. त्यामुळे सीएसएमटी, राजाबाई टॉवर, चौकातले पुतळे यांची अडचण नाही. भिंतीवरच्या चित्रांना ही सूट नाही. चित्रकार हयात असेल किंवा त्याच्या निधनाला साठ वर्षे झाली नसतील, तर चित्रकाराच्या लेखी परवान्याशिवाय तो फोटो हटवला जाईल. ससून डॉकच्या रंगीत भिंती म्हणूनच वगळा.

फोटो ज्याने काढला त्यानेच, स्वतःच्या फोनमधून, मूळ आकारात चढवायचा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवलेल्या प्रतीत कॅमेऱ्याची माहिती पुसलेली असते आणि आकार घटलेला असतो. अशा फोटोवर ‘हा स्वतःचा नसावा’ अशी शंका लगेच येते. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही आणि त्यात व्यापारी वापरालाही मुभा असते, हे चढवण्याआधी मुलांना सांगा. ज्याला ते नको असेल त्याला दुसरे काम द्या.

प्राचार्यांची इच्छा आहे की मुलांनी आमच्या कॉलेजचा आणि संस्थापकांचा लेख समृद्ध करावा. (नाव नको)

मुलांना यात ओढू नका. गुण देणाऱ्या संस्थेविषयी विद्यार्थी तटस्थ लिहू शकत नाही, आणि हितसंबंध उघड झाला की सगळ्या वर्गाच्या संपादनांकडे संशयाने पाहिले जाते. स्थापनेचे वर्ष वगैरे चुकले असेल तर लेखाच्या चर्चा पानावर तुम्ही स्वतः, नाते सांगून आणि छापील पुरावा देऊन, दुरुस्तीची विनंती करा. प्राचार्यांना हे उत्तर दाखवायला आमची हरकत नाही.