वाचकांचे प्रश्न : संघटनेच्या कार्यकारिणीत आपल्या मुलांची जागा

प्रश्न : बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ मुलामुलींच्या पालकांची आमची संघटना आहे. काही तरुण पालकांनी कार्यकारिणीतील दोन जागा या मुलामुलींसाठीच ठेवाव्यात, असा ठराव आणला आहे. माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. तो बोलतो, पण मोजकेच, आणि हिशेब किंवा ठरावाची भाषा त्याला कळत नाही. मला हे सारे दिखाऊ वाटते, आणि चारचौघांत त्याची फजिती होईल अशी धास्तीही वाटते. आपले मत काय?
— एक आई

उत्तर : आपली धास्ती खरी आहे. तयारी न करता कुणालाही खुर्चीवर बसवले, तर फजिती होतेच. तरीही मी ठरावाच्या बाजूने आहे, कारण ज्यांच्या आयुष्याचे निर्णय तुमच्या बैठकीत होतात, तेच तिथे नसावेत हे मला पटत नाही.

ही कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये 1960च्या दशकातच बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या क्लबांमध्ये सभा कशी चालवावी आणि मत कसे नोंदवावे याचे शिक्षण दिले जात असे. 1970 साली माल्मो येथे त्यांची परिषद भरली, तेव्हा त्यांनी केलेल्या मागण्यांपैकी एक अशी होती की, आम्हांला मोठ्या घोळक्याने शहरात फिरायला नेऊ नये. पालक आणि तज्ज्ञ यांच्यापैकी कुणी ही मागणी पहिल्या दहांत तरी लिहिली असती का, याचा विचार आपण करावा. अमेरिकेतील ओरेगन राज्यातही असेच घडले. परिषद आपल्यासाठी असूनही तिथे व्यावसायिकच बोलत राहतात, असा अनुभव आलेल्या काही जणांनी 1974 मध्ये स्वतःची परिषद भरवली आणि तिला पाचशेहून अधिक माणसे आली. ‘पीपल फर्स्ट’, म्हणजे आम्ही आधी माणसे आहोत, हे नाव त्याच तयारीच्या बैठकांत पुढे आले आणि पुढे अनेक देशांतील गटांनी ते घेतले.

कार्यकारिणीचे काम झेपेल का, या शंकेला रॉबर्ट मार्टिन यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. न्यूझीलंडच्या या कार्यकर्त्यांना बौद्धिक अक्षमता होती आणि त्यांच्या बालपणाचा मोठा भाग घरापासून दूर, संस्थांमध्ये गेला होता. पण दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार तयार होत असताना त्यांनी त्या चर्चांमध्ये भाग घेतला, आणि 2016 मध्ये त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर ते निवडून आले. प्रत्येकाला हे जमेल असे मी म्हणत नाही. आपल्या मुलाची तुलना त्यांच्याशी करण्याचेही कारण नाही. परंतु निदान पाहून आधीच दार बंद करू नये, एवढे मात्र यातून निश्चित होते.

आता तयारीविषयी, कारण यश तिच्यावरच ठरते. विषयपत्रिका एक आठवडा आधी, छोट्या वाक्यांत, मोठ्या अक्षरांत आणि प्रत्येक विषयाशेजारी चित्र देऊन तयार करावी. मुलाने एखाद्या साहाय्यकाबरोबर ती आधी वाचावी, आणि हा साहाय्यक शक्यतो आई किंवा वडील नसावा. आपण समोर असलो की मुले आपल्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतात. बैठकीत साहाय्यकाने शेजारी बसावे, प्रश्न पुन्हा सोपा करून सांगावा, पण उत्तर देऊ नये. उत्तराला वेळ लागला तर सर्वांनी थांबावे, आणि ही शिस्त अध्यक्षांनी सांभाळावी. आणखी एक गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे : ‘हे तुला चालेल ना?’ असे विचारू नये. अनेकांना आयुष्यभर होकार देण्याचीच सवय लावलेली असते, म्हणून दोन खरे पर्याय चित्रांसह समोर ठेवावेत आणि थोड्या वेळाने त्यांचा क्रम बदलून पुन्हा विचारावे. दोन्ही वेळा उत्तर तेच आले, तर ते मत म्हणून नोंदवावे. हिशेब त्याला कळलेच पाहिजेत असेही नाही. ते कोषाध्यक्षांनी सांभाळावेत. सहल कुठे काढावी, कार्यशाळेत काय शिकवावे, कुणाचे वागणे त्रासदायक वाटते, याविषयी त्याला जे ठाऊक आहे ते कोषाध्यक्षांना नाही.

दोन जागा ठेवण्याचा विचारही चांगला आहे. एकटी व्यक्ती बहुसंख्येपुढे गप्प बसते. शेजारी आपल्यासारखा दुसरा कुणी असला की बोलण्याचे बळ येते.

प्रश्न : माझा मोठा भाऊ जवळजवळ बोलत नाही. आई-वडिलांनंतर सर्व भार माझ्यावर येणार आहे. त्याच्या वतीने निर्णय मीच घ्यायचे, हे योग्य आहे का?
— एक बहीण

उत्तर : एकटीने घेऊ नयेत, ते त्याच्यासाठीही धोक्याचे आणि आपल्यासाठीही. वर उल्लेखिलेल्या कराराच्या 12 व्या कलमानुसार निर्णय घेताना आधार मिळणे हा दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे, आणि समितीने 2014 मध्ये असे स्पष्ट केले की, खूप प्रयत्न करूनही प्रौढ व्यक्तीची इच्छा कळली नाही, तर ‘तिच्या हिताचे काय’ याऐवजी तिची इच्छा आणि आवड यांचा जास्तीत जास्त बरोबर अर्थ लावावा. हा अर्थ लावण्याचे काम आई-वडील हयात असतानाच सुरू करावे. भाऊ आनंदात, त्रासात, कंटाळ्यात नेमके काय करतो, कुणाजवळ शांत बसतो, कोणता स्पर्श किंवा आवाज त्याला सहन होत नाही, हे त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवावे. मग नातेवाईक, शेजारी, जुने शिक्षक अशा चार-पाच जणांचे मंडळ जमवावे, ज्यात पगार घेणाऱ्यांचे बहुमत नसेल. कॅनडात 1980 च्या सुमारास तीव्र शारीरिक अक्षमता असलेल्या जूडिथ स्नो यांच्याभोवती मित्रांनी असे मंडळ उभे केले आणि त्यामुळे त्या संस्थेबाहेर राहू शकल्या. मंडळाची पहिली बैठक भावाच्या उपस्थितीत, त्याच्या ओळखीच्या खोलीत आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबणार नाही अशी ठेवावी. कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा झाल्यास तो ठराविक बाबींपुरताच मागता येतो का, हे वकिलांना आधी विचारावे.